बादली

रात्रपाळीला आम्ही तिघं : मी, रेडिएटर,
आणि ओर्विन, मीठगडाचा धनी,
ज्याला मी आज दोनशे अकरा वेळा
वेशीपर्यंत चालवत नेलंय.
खाण बंद पडल्यावर मी या कामाला लागलो.
चुका शोधायच्या, दुसऱ्यांच्या.
इथली पोरं मला आजोबा म्हणतात.

खिडकीबाहेर काटोवित्से, ट्रामच्या तारांवर गोठलेलं धुकं.
पडद्यावर गडाच्या भोवती साथ,
आणि दाराबाहेर ओर्विनची धाकटी बहीण, येस्रा.
तिच्या हातावर पुरळ आहे की नुसतं खरचटलंय
हे लिहिणाऱ्यांनी मुद्दाम सांगितलेलं नाही.

ओर्विन वाईट नाही. शपथेवर सांगेन.
आपल्या वाट्याचा पाव तो पहारेकऱ्यांना देतो,
आत तीनशे पोरं आहेत, त्यांची नावं त्याला पाठ आहेत.
सात वर्षांचा होता तेव्हा
बापाला त्यानं हेच दार लावताना पाहिलंय.
बाहेर आई होती.
तेव्हा तो म्हणालाय, ठळक अक्षरांत, पडद्याच्या मधोमध :
मी असं कधीच करणार नाही.

खेळणाऱ्यापुढे तीन उत्तरं येतात.
क्षमा कर.
माझा नाइलाज आहे.
आणि नुसतं मौन.
तिन्हींनी दार लागतं,
साखळदंडाचा आवाज तेवढा जरा वेगळा येतो.
जाहिरातीत आम्ही याला निवड म्हणतो.

माझा बाप आलोयझी.
झाब्झेच्या खाणीत नऊशे मीटर खाली, एकतीस वर्षं.
वर आला की कबुतरं, शर्यतीची.
पंख मोडलेलं एखादं तो कोटाच्या आत, छातीशी धरून आणायचा
आणि रात्रभर खुर्चीत ताठ बसायचा,
ते दचकू नये म्हणून.
त्याच बापानं, गेरार्ड जर्मनीहून परतला
त्या नाताळच्या आदल्या रात्री
दार उघडलं नाही.
टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं होतं,
रिवाजाप्रमाणे, न बोलावता येणाऱ्यासाठी.
घंटा वाजली. आम्ही बीटाचं सार पीत होतो.
पुन्हा वाजली.
मग नाही.
गेरार्डनं जाताना आईच्या ऑपरेशनचे पैसे नेले होते.
तेही खरंच आहे.
मी नऊ वर्षांचा. मी काही म्हणालो नाही,
ठळक अक्षरांत तर नाहीच.
माशाचा एक काटा निवडत बसलो.

दोनशे बाराव्या खेपेला, कंटाळून,
मी विहिरीवरची बादली उचलली
आणि उगाच उंबऱ्यावर ठेवली.
दार खाली आलं, बादलीवर टेकलं, थरथरलं,
थांबलं.
येस्रा वाकून आत आली.

आणि पुढे काहीच नाही.
ती उभी. तो उभा.
श्वासाची हालचाल तेवढी चालू,
चार सेकंदांची, पुन्हा तीच, पुन्हा तीच,
कारण यापुढचं बोलणं कुणी लिहिलेलंच नाही.
माझी कॉफी गार होईपर्यंत मी बघत राहिलो.

मग नोंद केली. पगार त्याचाच मिळतो.
अपेक्षित : दार बंद व्हावं.
प्रत्यक्षात : उघडं राहिलं.
तीव्रता : गंभीर. कथा पुढे सरकत नाही.
सोमवारपर्यंत ते बादली जमिनीला खिळून टाकतील.

पहाटे फोन उजळला. किंगा.
तिचीही रात्रपाळी, व्रोत्सवाफच्या इस्पितळात.
मार्चपासून दर रविवारी ती याच वेळेला फोन करते,
आणि मी दर रविवारी तो पालथा घालतो.
तिनं जे केलं ते मला पटलेलं नाही.
आजही नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

उचलला.
पलीकडून ती म्हणाली, तातो?

मी श्वास घेतला.
सोडला.
घेतला.